सुखाचा तळ ४७.२ व्या वर्षी कसा सापडतो?

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातले अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ब्लँचफ्लॉवर यांचा १३२ देशांच्या आकडेवारीवर आधारलेला एक शोधनिबंध २०२० च्या जानेवारीत आला. त्यातले दोन आकडे जगभरच्या वर्तमानपत्रांनी उचलून धरले. विकसित देशांत माणूस सर्वांत कमी सुखी असतो तो ४७.२ व्या वर्षी आणि विकसनशील देशांत ४८.२ व्या वर्षी. तरुणपणी सुख बऱ्यापैकी, पन्नाशीच्या अलीकडे तळ, मग पुन्हा चढ. ग्राफवर ही रेघ रोमन 'यू' अक्षरासारखी दिसते म्हणून तिला यू-वक्र म्हणतात. ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या दोघांनी २००८ मध्येही ७२ देशांबद्दल हेच सांगितलं होतं.

दशांशातला आकडा वाचला की वाटतं, कुणीतरी सुखाला फूटपट्टी लावून तळाची जागा नेमकी गाठली आहे. खरं तर त्या आकड्यापर्यंत पोचताना संशोधकाला बरेच निर्णय घ्यावे लागतात. काय विचारायचं, किती जणांना विचारायचं, कोणतं सूत्र लावायचं, कोणत्या गोष्टी समान धरायच्या आणि कुणाची तुलना कुणाशी करायची. यातला एक निर्णय बदलला तरी वक्राचा आकार बदलू शकतो.

प्रश्न कोणता?

सुख मोजण्याची सगळ्यांत रुळलेली रीत म्हणजे माणसालाच विचारणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडलेली शिडी आजही वापरात आहे. समोर एक शिडी आहे असं समजा. सगळ्यात वरची, दहावी पायरी म्हणजे तुमच्या कल्पनेतलं उत्तमातलं उत्तम आयुष्य, आणि तळाची शून्य पायरी म्हणजे वाईटातलं वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? गॅलप संस्था २००५ पासून जगभर हा प्रश्न विचारते आहे, आणि देशांची सुखाची क्रमवारी लावणारा 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट' याच उत्तरांच्या सरासरीवर उभा असतो.

शिडीचा प्रश्न आयुष्याचा हिशेब मागतो. उत्तर देताना माणूस पगार, मुलंबाळं, राहून गेलेल्या गोष्टी असं सगळं मनात जोखतो. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न फक्त कालच्या दिवसाबद्दल असतो. काल बराच वेळ ताण जाणवला का? राग आला का? चिंता वाटली का? आनंद झाला का? या दोन प्रश्नांची उत्तरं वयानुसार एकसारखी बदलत नाहीत. आर्थर स्टोन, अँगस डीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३,४०,००० अमेरिकी लोकांच्या २००८ मधल्या दूरध्वनी मुलाखती तपासल्या. शिडीच्या उत्तरांत यू-वक्र दिसला. रागाचं प्रमाण मात्र अठराव्या वर्षापासून सतत उतरत गेलं होतं. ताण विशीनंतर उतरू लागला तो थेट म्हातारपणापर्यंत. चिंता पन्नाशीपर्यंत साधारण तेवढीच राहिली आणि मग झपाट्यानं कमी झाली. म्हणजे 'वयानुसार सुख कसं बदलतं' या एका वाक्यात निदान दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. गॅलपच्या अमेरिकेतल्या रोजच्या पाहणीत काही काळ शिडीच्या आधी राजकारणाविषयीचे प्रश्न विचारले जात होते. डीटन यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की, निव्वळ त्या क्रमामुळे शिडीवरचे गुण खाली येत होते, आणि ही घट आर्थिक मंदीच्या काळातल्या चढउतारांच्या तोडीची होती.

हजार माणसं पुरतात का?

गॅलप एका देशात वर्षाला साधारण १,००० लोकांना गाठतं. देशाची सरासरी काढायला एवढे लोक चालतात. शिडीवरच्या उत्तरांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा त्यांचा फैलाव, २ पायऱ्यांचा आहे असं धरू. सरासरीतली प्रमाण त्रुटी काढायला हा आकडा नमुन्याच्या वर्गमुळानं भागायचा. १,००० चं वर्गमूळ सुमारे ३१.६, म्हणून त्रुटी ०.०६. याची साधारण दुप्पट केली की ९५ टक्के खात्रीची मर्यादा मिळते. सरासरी ०.१२ पायरीनं इकडेतिकडे असू शकते, एवढाच तिचा अर्थ.

आता हेच लोक वयाच्या दहा गटांत वाटा. प्रत्येक गटात १०० जण उरतात, त्रुटी ०.२ वर जाते आणि मर्यादा ०.४ वर. दोन गटांमधला फरक पाहायचा तर दोन्हींची अनिश्चितता एकत्र येते आणि मर्यादा ०.५५ च्या पुढे जाते. यू-वक्राची खोली अनेकदा अर्ध्या पायरीच्या आसपासच असते. म्हणजे एका देशाच्या एका वर्षाच्या पाहणीत तो वक्र खरोखर असला तरी गोंगाटात हरवून जाईल, आणि नसला तरी योगायोगानं असल्यासारखा दिसेल. म्हणून संशोधक अनेक वर्षांची, अनेक देशांची उत्तरं एकत्र करतात. गटात १०,००० लोक आले की मर्यादा ०.०४ वर उतरते आणि अर्ध्या पायरीचा फरक ठळक दिसू लागतो.

तळ काढायचं सूत्र

४७.२ हे वय पाहणीत कुणी सांगितलेलं नसतं. ते सूत्रातून निघतं. सर्वांत सोप्या पद्धतीत सुखाचा अंदाज वय आणि वयाचा वर्ग या दोन्हींवरून बांधतात. फक्त वय घेतलं तर रेघ सरळ येते. वर्ग घातला की ती वाकू शकते. समजण्यासाठी काही आकडे मनानं घेऊ:

सुख = ७ − (०.०४८ × वय) + (०.०००५ × वय × वय)

विसाव्या वर्षी उत्तर येतं ६.२४, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ५.८५ आणि शहात्तराव्या वर्षी पुन्हा ६.२४. तळाचं वय काढायला वयाच्या सहगुणकाला, म्हणजे वयाला गुणणाऱ्या आकड्याला, वर्गाच्या सहगुणकाच्या दुपटीनं भागायचं: ०.०४८ भागिले ०.००१ म्हणजे ४८. आता वर्गाचा सहगुणक ०.०००५ ऐवजी ०.०००४८ निघाला असता, तर तळ थेट पन्नासवर सरकला असता. सहगुणक स्वतःच अंदाज असतो, त्यात त्रुटी असते, आणि भागाकारात ती त्रुटी तळाच्या वयात उतरते. म्हणून ४७.२ हा आकडा 'चाळिशीच्या उत्तरार्धात कुठेतरी' असाच वाचायला हवा.

या सूत्राची आणखी एक खोड आहे. वर्गाचा वक्र तळाच्या दोन्ही बाजूंना सारखाच चढतो. सत्तरीनंतर सुख प्रत्यक्षात पुन्हा घसरत असेल तर या सूत्राला ते दाखवताच येत नाही. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक सूत्र बाजूला ठेवून प्रत्येक वयोगटाची सरासरी स्वतंत्रपणे मांडतात आणि आकार दिसतो का ते पाहतात.

काय समान धरायचं?

विशीतला आणि पन्नाशीतला माणूस यांच्यात फक्त वयाचा फरक नसतो. उत्पन्न, लग्न, आरोग्य, शिक्षण, सगळंच वेगळं असतं. त्यामुळे बऱ्याच अभ्यासांत या गोष्टी गणितात समान धरून उरलेला वयाचा परिणाम मोजतात. यालाच नियंत्रण म्हणतात, आणि यू-वक्रावरचा सगळ्यांत कडाक्याचा वाद इथेच आहे.

टीकाकारांचं म्हणणं असं की, वय वाढल्यामुळेच तर तब्येत ढासळते आणि जोडीदार जातो. आरोग्य आणि वैवाहिक स्थिती समान धरली, तर म्हातारपणाची झळ आपण आधीच पुसून टाकली आणि मग म्हातारपणी सुख वाढतं म्हणून जाहीर केलं. समर्थकांचं उत्तर असं की, आम्हाला निव्वळ वयाचा परिणाम हवा आहे, वयाबरोबर येणाऱ्या घटनांचा नव्हे. ब्लँचफ्लॉवर यांनी २०२० च्या निबंधात नियंत्रणांसह आणि नियंत्रणांशिवाय असे दोन्ही हिशेब मांडले होते. दोन्ही बाजूंचं गणित बरोबर आहे. प्रश्न वेगवेगळे आहेत. 'साठीतले लोक पन्नाशीतल्यांपेक्षा सुखी आहेत का?' हा एक. 'तब्येत, पैसा, घर तेच असताना साठीतला माणूस अधिक सुखी असेल का?' हा दुसरा.

नियंत्रणानं उत्तर कसं उलटतं याचं उदाहरण भारतातलंच आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर 'लासी' नावाची पाहणी हाती घेतली. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या लोकांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या मिळून ७२,००० हून अधिक मुलाखती झाल्या. २०२४ च्या 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट'मध्ये या आकडेवारीवर एक प्रकरण आहे. साधी सरासरी पाहिली तर वयस्कर पुरुष स्त्रियांपेक्षा आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसतात. इतर सगळे घटक हिशेबात धरले की चित्र पालटतं आणि स्त्रिया अधिक समाधानी ठरतात. भारतात वाढत्या वयाबरोबर समाधान वाढतं, असंही त्यात आढळलं. समाधानाशी सर्वांत घट्ट नातं होतं ते राहत्या व्यवस्थेबद्दलच्या समाधानाचं, वाट्याला येणाऱ्या भेदभावाचं आणि स्वतःच्या तब्येतीविषयीच्या मताचं.

वय, साल आणि पिढी

एकाच वर्षी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारणं म्हणजे घरातल्या लग्नाचा समूहफोटो पाहणं. आजोबा, काका, पुतण्या शेजारी उभे असतात, पण पुतण्या म्हातारपणी आजोबांसारखा दिसेल की नाही हे त्या फोटोतून कळत नाही. २०२० मध्ये ५० वर्षांचा असलेला माणूस १९७० च्या आसपास जन्मलेला असतो. तो दुःखी दिसला तर कारण पन्नाशी की १९७० ची पिढी? वय म्हणजे चालू सालातून जन्मसाल वजा. तिन्हींपैकी दोन ठरले की तिसरं आपोआप ठरतं. त्यामुळे तिन्हींचे परिणाम एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे काढणं कोणत्याही गणिताला जमत नाही. काहीतरी गृहीत धरावंच लागतं.

यावरचा एक मार्ग म्हणजे त्याच माणसांना वर्षानुवर्षं विचारत राहणं. जर्मनीत अशी पाहणी १९८४ पासून चालू आहे, ब्रिटनमध्ये १९९१ ला सुरू झाली, ऑस्ट्रेलियात २००१ ला. गंमत अशी की, याच देशांच्या आकडेवारीवरून दोन गट वेगळ्या निष्कर्षांना पोचले. पॉल फ्रायटर्स आणि टोनी बीटन यांनी २०१२ मध्ये प्रत्येक माणसाचा मूळ स्वभाव वजा करून पाहिला, तेव्हा मध्यमवयातला खळगा जवळपास नाहीसा झाला. चेंग, पाउडथावी आणि ऑस्वाल्ड यांनी २०१७ मध्ये त्याच माणसाच्या समाधानात एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे होणारा बदल मोजला. चाळिशीपर्यंत तो उणे होता आणि पुढे अधिक होत गेला. म्हणजे खळगा होता.

अशा पाहणीतही गळती असते. दुखणाईत आणि निराश माणसं मुलाखतीतून लवकर बाहेर पडतात, वृद्धाश्रमात आणि रुग्णालयात असलेल्यांपर्यंत बहुतेकदा कुणी पोचत नाही, आणि काही जण हयात नसतात. ऐंशीतल्यांची सरासरी ही टिकून राहिलेल्यांची सरासरी असते.

खळगा असेल तर का?

हॅनेस श्वांट यांनी १९९१ ते २००४ ची जर्मन आकडेवारी घेतली. तिथे लोकांना आजचं समाधान विचारलं होतं आणि पाच वर्षांनंतर ते किती असेल याचा अंदाजही. तरुणांचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा बरेच वर होते, वृद्धांचे खाली. मधल्या वयात जुन्या अपेक्षा फोल ठरलेल्या असतात आणि नव्या अपेक्षाही खाली आलेल्या असतात. पुढे आयुष्य अपेक्षेपेक्षा बरं निघतं. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टनसन वेगळं कारण देतात: पुढचा काळ थोडा आहे हे उमगलं की माणूस मोजक्या, जिव्हाळ्याच्या माणसांकडे आणि गोष्टींकडे वळतो.

२०१२ मध्ये ५०८ चिंपांझी आणि ओरँगउटान यांच्यावरही एक अभ्यास झाला. त्यांना घराचे हप्ते नसतात, तरीही मध्यमवयात खळगा दिसला. मात्र गुण देणारे होते त्यांना सांभाळणारे कर्मचारी, हे ध्यानात ठेवायला हवं.

आकार बदलतो आहे

यू-वक्र सगळीकडे सारखा नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०१५ ला स्टेप्टो, डीटन आणि स्टोन यांनी दाखवलं की, तो श्रीमंत इंग्रजीभाषक देशांत स्पष्ट आहे. पूर्वीच्या सोव्हिएत देशांत आणि पूर्व युरोपात वयाबरोबर समाधान घसरतच जातं, तर सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत वयानं फारसा फरक पडत नाही.

शिवाय काळही आकार बदलतो. २०२४ च्या सुखाच्या क्रमवारीत अमेरिकेतले साठीपुढचे लोक जगात दहाव्या स्थानी होते आणि तिशीच्या आतले ६२ व्या. २०२५ मध्ये ब्लँचफ्लॉवर यांनीच सहकाऱ्यांबरोबर लिहिलं की, मानसिक त्रास मध्यमवयात शिगेला पोचण्याचा जुना नमुना ४४ देशांच्या आकडेवारीत आता दिसत नाही. त्रास तरुणांत सर्वाधिक आहे आणि वयाबरोबर उतरतो. मध्यमवयीनांचं भलं झालं म्हणून हे घडलेलं नाही, तरुणांची अवस्था बिघडली म्हणून घडलं आहे. मात्र हे माप मानसिक त्रासाचं आहे, शिडीचं नव्हे.

भारतापुरतं बोलायचं तर 'लासी'ची आखणी त्याच माणसांकडे पंचवीस वर्षं परत परत जाण्याच्या हिशेबानं केलेली आहे. समाधान वयामुळे वाढतं की त्या पिढीचंच तसं आहे, हे कोडं पुढच्या फेऱ्यांमधून बरंच सुटेल. पण तिची सुरुवात होते पंचेचाळिसाव्या वर्षी. वक्राची उजवी बाजू तिच्यात दिसेल, विशीपासून उतरणारी डावी बाजू दिसणार नाही. जिथे आज सर्वाधिक बदल होतो आहे ती बाजू भारतात मोजायची, तर आताच्या वीस वर्षांच्या मुलामुलींपासून सुरुवात करून पुढची तीस वर्षं त्यांची पाठ सोडता येणार नाही.