माफी न मागणारे महाड

1665 साली पुरंदरच्या वेढ्यात मोगल सरदार दिलेरखानाने मुरारबाजी देशपांड्यांना कौल देऊ केला. हत्यार टाक, जीव वाचेल, मानही मिळेल, असे ते अभयवचन. मुरारबाजी मूळचे महाडकडचे. पोलादपूरचा घाट चढून गेले की लागणाऱ्या जावळीत आधी ते मोऱ्यांच्या पदरी होते, मग शिवरायांकडे आले. त्यांनी कौल धुडकावला आणि लढता लढता देह ठेवला.

कौल काय किंवा माफी काय, ती घ्यायची तर आधी कसूर पदरात घ्यावी लागते. माफीचा साक्षीदार सुटतो तो गुन्ह्यातला आपला वाटा सांगून. राष्ट्रपती (अनुच्छेद 72) आणि राज्यपाल (अनुच्छेद 161) क्षमा करतात ती दोषी ठरलेल्याला. निर्दोष मुक्ततेचे तसे नाही. तिथे खटला चालतो आणि गुन्हा शाबीत होत नाही. आरोप ठेवण्यापुरताही आधार नसेल, तर त्याआधीच आरोपमुक्ती. आपण मात्र सरसकट ‘सुटला’ म्हणतो आणि माणसावरचा डाग तसाच राहू देतो. हा अन्याय आहे.

मुरारबाजींच्या या महाडात अस्पृश्यांच्या परिषदेच्या वेळी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. तळे नगरपालिकेचे, आणि ते सर्वांना खुले असल्याचा पालिकेचाच ठराव 1924चा. तरी सनातन्यांच्या लेखी हा अपराध ठरला. परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. मग तळ्यातलेच पाणी घागरींनी उपसून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतले गेले. प्रायश्चित्त पाण्याला दिले, दोष मात्र माणसांच्या माथी मारला.

त्याच डिसेंबरात सनातन्यांनी आंबेडकर आणि सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. दिवाणी दाव्यात आरोपी नसतो, प्रतिवादी असतो. त्यामुळे निर्दोष ठरण्याचा प्रश्नच नव्हता. माफीने हे प्रकरण मिटले असते, तर पाणी पिणे हा गुन्हा असल्याचे कायमचे नोंदले गेले असते. त्याऐवजी आंबेडकर आणि सहकारी दहा वर्षे लढले. महाडच्या कोर्टाने 1931मध्ये दावा फेटाळला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने 1933मध्ये अपील फेटाळले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी वहिवाट होती, हे वादींना सिद्ध करता आले नाही.