लाल विंचवाचा डंख आणि पेशीतल्या पिशव्या

दापोली तालुक्यात विंचवाला आसरा शोधत फिरावे लागत नाही. जांभ्याचे गडगे, परसातला लाकूडफाटा, भात झोडून झाल्यावर रचलेला पेंढा, रात्री पडवीत काढून ठेवलेली चप्पल, यांतले काहीही त्याला चालते. लाल विंचू दिसायला किरकोळ, काळ्याशार इंगळीपुढे तर अगदीच. पण इंगळी चावली की बहुधा वेदनेवर निभावते. जिवावर बेततो तो हा लाल.

तो जिवावर का बेततो, हे कळायला पेशीच्या आत डोकवावे लागते. शाळेच्या वहीत आपण पेशीचे आवरण ठळक रेघेने काढतो, मध्ये केंद्रक दाखवतो आणि बाकीची जागा जवळजवळ मोकळी सोडतो. खरी पेशी अशी मोकळी नसते. यकृताच्या पेशीतले सगळे पटल मोजले, तर बाहेरचे आवरण त्यातले जेमतेम २ टक्के भरते. उरलेले सगळे आत: घड्या, नळ्या, पिशव्या. मेदाच्या दुहेरी थराचे हे पटल सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे. एवढ्याशा पडद्याच्या भरवशावर पेशी एकमेकांना मारक ठरतील अशी द्रव्ये शेजारीशेजारी बाळगते.

मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला असलेली अ‍ॅड्रेनल ग्रंथी घ्या. तिच्या गाभ्यातल्या एकेका पेशीत हजारो सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीच्या पटलातली प्रथिने अ‍ॅड्रेनलिन आत ओढत राहतात. आतले प्रमाण बाहेरच्या पेशीद्रवाच्या कित्येक हजार पट होते. मज्जातंतूचा निरोप आला की पेशीत कॅल्शियम शिरते, पिशवीचे पटल बाहेरच्या आवरणाशी एकजीव होते आणि ऐवज रक्तात उतरतो. मज्जातंतूंच्या टोकांशीही अशाच पिशव्या असतात. पेशीतली ही वाहतूक कशी चालते, हे उलगडल्याबद्दल २०१३चे नोबेल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडहॉफ यांना मिळाले. ही यंत्रणा किती मोलाची, ते धनुर्वातात दिसते. त्या जंतूचे विष पिशवी उघडणारे एक प्रथिन कापते, तेही स्नायूंना ‘आता सैल हो’ सांगणाऱ्या मज्जापेशींत. पिशव्या बंदच राहतात आणि अंग ताठ होते.

लाल विंचवाचे विष याच्या उलटे वागते. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची दारे असतात; निरोप गेला की ती क्षणात मिटायला हवीत. विष त्या दारांना जणू खुट्टी मारते. दार मिटत नाही, निरोप थांबत नाही आणि पिशव्या रिकाम्या होत सुटतात. आधी उलट्या, तोंडाला लाळ आणि अंथरूण भिजवणारा घाम. मग अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो. हृदयाच्या स्नायूपेशींत पटलाचा एक जाळीदार कप्पा कॅल्शियम साठवतो. दर ठोक्याला थोडे सोडतो, लगेच परत घेतो. या माऱ्यात त्याचाही हिशेब चुकतो. हृदय थकते, फुफ्फुसात पाणी भरते, धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. विंचवाने टोचलेला थेंब अगदी नगण्य असतो. माणूस दगावतो तो स्वतःच्याच पेशींनी जपून ठेवलेला साठा एकदम सुटल्यामुळे.

हे ओळखून इलाज शोधला गेला तो शेजारच्या रायगड जिल्ह्यात. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून तपासत होते. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी रक्तवाहिन्यांवरचा अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम रोखते. तीच त्यांनी वापरली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिच्याविषयी लिहिले. त्याआधी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण एक-दोनावर आले. तालुक्याच्या गावी, महागड्या यंत्रांवाचून झालेले हे काम महाराष्ट्राच्या वैद्यकातले फार मोठे काम आहे, असे मला मनापासून वाटते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी लोंढ्याचा परिणाम आवरते, पण रक्तातले विष शिल्लकच असते. ते बांधून टाकते प्रतिविष. महाडमध्येच ७० रुग्णांवर झालेली चाचणी २०११ साली ‘बीएमजे’त आली. गोळी आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत सावरले. नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८. रिकामी झालेली पिशवी प्रतिविषाने परत भरत नाही, म्हणून ते जितके लवकर मिळेल तितके बरे.

आणि नेमका हाच वेळ आपण घालवतो. मंत्र, पाला, उतारा, सकाळपर्यंत वाट. वेदना फारशी नाही म्हणून निर्धास्त राहू नका. डंखाची जागा शांत असताना आत वादळ उठलेले असू शकते. विंचू चावल्यावर घाम, उलटी, गार हातपाय यांपैकी काही दिसले, विशेषतः लहान मुलात, तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि मिळेल त्या गाडीने, रात्र असली तरी, थेट रुग्णालय गाठा.