कातड्यावरची नोंद

सून जर्मनीत नोकरीला आहे. २०२३ च्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका रविवारी तिनं मला रायखेनाऊला नेलं. कॉन्स्टन्स सरोवरातलं हे बेट. बेट म्हणायचं, पण १८३८ साली बांधलेल्या बांधावरून मोटार थेट जाते. जिकडेतिकडे काचेची घरं, आत काकड्या, टोमॅटो. ७२४ साली इथे मठ स्थापन झाला, त्याच्या पोथ्यांची एकेकाळी युरोपभर कीर्ती होती. आता कीर्ती भाजीची.

पूर्वेच्या टोकाला, ओबरत्सेलमध्ये, सेंट जॉर्जचं चर्च आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस मठाधिपती हाट्टो तिसरा यानं ते उभारलं. आपल्या श्वासातला ओलावा चित्रांना बाधतो, म्हणून उन्हाळ्यात मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात. अजिंठ्याला जाऊन आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आत बऱ्यापैकी अंधार. डोळे सरावले तसे मधल्या दालनाच्या दोन्ही भिंतींवर येशूचे चमत्कार दिसू लागले. एकूण आठ मोठी चित्रं, हजारेक वर्षांपूर्वीची. मध्यंतरी ती चुन्याखाली गेली होती. १८८० मध्ये पुन्हा सापडली. रंग उडालेत, पण वादळात हेलकावणारी होडी, थडग्यातून उठणारा लाझारस ओळखू येतात. येशूचा पुढे केलेला हात तर लांबूनही कळतो. अक्षर न येणाऱ्या माणसालाही गोष्ट समजावी, अशी ती मांडणी.

मी मात्र अडकलो ते भलत्याच चित्रापाशी. हे नंतरचं, चौदाव्या शतकातलं. भुतांनी गाईचं कातडं ताणून धरलंय आणि एक भूत त्यावर लिहितंय. वर दोन बायकांची डोकी, कुजबुजणारी. चर्चमध्ये बसून केलेल्या चहाड्यांची ही नोंद, निवाड्याच्या दिवशी सादर करायची. चित्रगुप्ताची वहीच म्हणा ना!

"बाबा, सगळं बायकांच्याच नावावर?" सून हसत म्हणाली.

मी हसलो नाही. १९८७ साली आमच्या शाखेत शंभराच्या नोटांची एक गड्डी कमी भरली. दहा हजार. हेड कॅशियरनी पदरचे भरले. दुपारी डबे उघडल्यावर मी सहज बोलून गेलो, "त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय म्हणे." एवढंच. पुढचं बाकीच्यांनी जोडलं. आम्ही सगळे पुरुष होतो. नऊ दिवसांनी दुसऱ्या शाखेतून निरोप आला, पाठवलेल्या रकमेत एक गड्डी जास्त आली आहे. त्यांचे पैसे त्यांना परत मिळाले. माझं वाक्य मात्र मी परत घेतलं नाही. बदली होईपर्यंत ते आपल्या टेबलाशीच एकटे जेवत.

हे मी घरातही कधी बोललो नव्हतो. तिथेच, भिंतीकडे बघत, सुनेला सांगितलं.

तिनं विचारलं, "ते आहेत अजून?"

"नाहीत."

मार्गदर्शक किल्ल्या घेऊन दाराशी उभी होती. आम्ही बाहेर आलो. शेतात पाण्याचे फवारे चालू होते.