लेखनाची पदवी घ्यायची म्हणजे नेमके काय शिकायचे?

पीयूसीचा किंवा बारावीचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे आपल्या घरांत एकाच विषयावर बोलणे चालते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी. कॉम., नाहीतर पुण्याला एखादा कोर्स. अलीकडे या यादीत एक नवे नाव ऐकू येते. ‘मला क्रिएटिव्ह रायटिंग करायचे आहे,’ असे मुलगी म्हणते आणि मोबाइलवर दिल्लीजवळच्या, नाहीतर थेट इंग्लंडमधल्या विद्यापीठाची माहिती उघडून दाखवते. आईवडील गोंधळतात आणि तो गोंधळ रास्त आहे. लिहायला कुणी शिकवते का? शिकवले तरी त्याची परीक्षा कशी घेणार? आणि पोटापाण्याचे काय? मंडळाच्या सभासदांकडून हे प्रश्न येत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी हे शिक्षण आले कुठून ते पाहू. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. कथा-कवितांचे हस्तलिखित दाखल करून पदव्युत्तर पदवी मिळवायची, असा तो प्रकार. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी असाच एम. ए. अभ्यासक्रम काढला. पहिल्या वर्षीचा विद्यार्थी होता इयन मॅकएवन. पुढे नोबेल मिळवणारे काझुओ इशिगुरो हेही तिथलेच. म्हणजे ही कल्पना मुळात पदव्युत्तर शिक्षणाची. बारावीनंतर लगेच लेखनाची पदवी ही त्यामानाने पुढची गोष्ट. तिथे बहुतेक ठिकाणी इंग्रजी साहित्य आणि लेखन असे जोडूनच शिकवतात, आणि त्यामागे कारण आहे. अठरा वर्षांच्या मुलाने लिहायला हवे तसे वाचायलाही हवे.

वर्गात काय होते, हे समजले की अर्धा गोंधळ कमी होतो. दहा-पंधरा विद्यार्थ्यांचा गट असतो. एकाने आपली कथा आठवडाभर आधी सगळ्यांना वाटायची. सगळ्यांनी ती घरी वाचून, समासात खुणा करून आणायची. वर्गात चर्चा सुरू झाली की लेखकाने गप्प बसायचे. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे बोलायला मुभा नाही, कारण छापून आलेल्या कथेशेजारी उभे राहून लेखक वाचकाला समजावू शकत नाही. कथा कुठे लांबली, कोणते पात्र पुसट राहिले, शेवट आधीच कळला का, हे इतरांनी सांगायचे. शेवटी शिक्षक बोलतात. मग घरी जाऊन दुसरा खर्डा, तिसरा खर्डा. वर्षअखेरीस गुण मिळतात ते अशा सुधारलेल्या लेखनाच्या संचाला. सोबत, आपण हे असे का लिहिले, यावर एक टिपण द्यावे लागते. प्रतिभा कुणी वर्गात वाटत नाही. मिळते ते तीन वर्षांचे ठरलेले वेळापत्रक, नेमाने वाचणारे दहा वाचक आणि खोडायची सवय.

आता आपल्याकडे या. बेळगाव-निपाणीच्या कॉलेजांत लेखनाचा असा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम नाही. जवळची वाट म्हणजे मराठी विषय घेऊन बी. ए. आणि ही वाट आपल्या भागात दोन राज्यांतून जाते. बेळगावच्या कॉलेजांत मराठी घेतले तर पदवी राणी चन्नम्मा विद्यापीठाची. निपाणीची तर गंमतच आहे. गावाला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते आणि शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले आहे. घर कर्नाटकात, वर्ग महाराष्ट्रात आणि मधले अंतर सायकलचे. या फरकाचा परिणाम पदवीच्या वर्षांवरही होतो. कर्नाटकाने २०२४-२५ पासून चार वर्षांची रचना सोडून तीन वर्षांची पदवी परत आणली. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाचा, ऑनर्सचा पर्याय आहे. पुढे परदेशी जायचा विचार असेल, तर तिथले विद्यापीठ किती वर्षांची पदवी मागते हे प्रवेशाआधीच पाहून ठेवावे.

मराठीच्या बी. ए.त साहित्याचा इतिहास, साहित्यशास्त्र, भाषाविज्ञान, व्याकरण आणि नेमलेली पुस्तके असतात. अलीकडच्या अभ्यासक्रमांत उपयोजित मराठी आणि सर्जनशील लेखनाचे घटकही आले आहेत. कागदावर ही शिदोरी चांगली आहे. अडचण शिकण्याच्या पद्धतीत आहे. दुसऱ्याच्या कवितेवर उत्तर लिहायचे, तेही गाइडमधून पाठ करून, आणि तीन वर्षांत स्वतःची एक कथा शिक्षकाच्या टेबलावर जात नाही, असे पुष्कळदा घडते. यात शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. वर्षभर मुलांनी काही लिहून दाखवलेच नाही, तर ते तपासणार काय? मराठी शाळांचे पट घटत आहेत, त्याची झळ कॉलेजातल्या मराठीच्या वर्गांनाही बसते. पण वर्गात मोजकी मुले असणे लेखन शिकायला सोयीचेच आहे. बाहेर ज्या लहान गटासाठी लाखो रुपये मोजतात, तसा गट आपल्याकडे आपोआप तयार झालेला असतो!

लाखांचा विषय निघालाच आहे, तर खर्चाचेही बोलून टाकू. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्याला पदवीची नुसती फी वर्षाला साधारण पंधरा लाखांच्या पुढे पडते, राहणे-खाणे वेगळे. आपल्या देशात अशोका विद्यापीठासारख्या ठिकाणी पदवी करताना सर्जनशील लेखन जोडविषय म्हणून घेता येते. तिथली फीही मध्यमवर्गीय घराला विचार करायला लावणारी आहे, आणि शिकवणे इंग्रजीत. इंग्रजीत लिहायचे असेल तर एक स्वस्त मार्ग आहे. इग्नूची इंग्रजीतून सर्जनशील लेखनाची पदविका बारावीनंतर घरी राहून करता येते. २०२२ पासून यूजीसीने एका वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे, त्यामुळे बी. ए. चालू असताना दूरशिक्षणाची पदविका जोडता येते. आपल्या भागातल्या इंग्रजीकडे ओढा असलेल्या मुलांना मी आधी हेच सुचवतो. कर्ज काढून परदेशी जायचे ते एम. ए.ला. तोवर मुलाला खरेच लिहायचे आहे की लेखक म्हणवून घ्यायचे आहे, हे घरालाही कळलेले असते.

आता पोटापाण्याकडे. आपल्या मातीतल्या लेखकांकडे पाहिले तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. लेखनावर घर चालवायचा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि घर चालवायचे म्हणून लेखनही सोडले नाही. जी. ए. कुलकर्णी बेळगावात वाढले आणि धारवाडच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षे इंग्रजी शिकवले. इंदिरा संत बेळगावच्या अध्यापक विद्यालयात शिकवत होत्या. कागलचे आनंद यादव पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. ‘झोंबी’तला शाळेसाठीचा झगडा वाचलेल्याला त्या प्राध्यापकीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आणि निपाणीचे महादेव मोरे तर पिठाची गिरण चालवत होते. २०२४ साली ते गेले. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजवाले, बाजारातली माणसे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत आली, ती त्यांच्या रोजच्या वावरातून. त्यांच्यापैकी कुणी लेखनाची पदवी घेतलेली नव्हती. म्हणून पदवी निरुपयोगी, असा निष्कर्ष काहीजण काढतात. तो मला पटत नाही. जी.एं.नी जगातले साहित्य मुळातून वाचले होते, कॉनरॅड रिश्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणताना एकेक वाक्य घासून पाहिले होते. ते शिक्षणच होते, फक्त त्याचे प्रमाणपत्र नव्हते.

अनुवादाचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या मुलांकडे एक भांडवल आहे, जे पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नाही. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. या सरमिसळीची आपल्यालाच लाज वाटते, ‘आमची भाषा अशुद्ध’ असे आपणच म्हणतो. पण याच बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पा आणि शिवराम कारंत मराठी वाचकांच्या घरी पोहोचवले आणि साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवला. पती विरूपाक्ष यांनी कन्नड पुस्तक वाचून ऐकवायचे आणि उमाताईंनी ऐकून मराठीत उतरवायचे, अशी त्यांची रीत. विरूपाक्ष उलट दिशेने मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करत आले. लेखन शिकू पाहणाऱ्या मुलाने आठवड्याला एक पान कन्नडमधून मराठीत आणले, तर वाक्य कसे उभे राहते हे जितके कळेल तितके दहा व्याख्यानांतून कळणार नाही. शिवाय अनुवादाला काम मिळते. सबटायटल, पाठ्यपुस्तके, सरकारी आणि बँकांचे मजकूर, बातम्या, सगळीकडे दोन भाषा नीट येणारा माणूस लागतो, आणि तो सहज सापडत नाही.

मात्र त्यासाठी देवनागरीत सलग लिहिता यायला हवे. इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली कितीतरी मुले छान मराठी बोलतात, पण मोबाइलवर मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात आणि जोडाक्षरापाशी अडखळतात. मुलाला मराठीतून लिहायचे असेल, तर पीयूनंतरच्या सुट्टीत पहिले काम हेच. रोज एक पान हाताने लिहायचे. विषय कोणताही चालेल, शनिवारचा बाजार, आजीचे दुखणे, शेजारचे भांडण.

पदवीनंतरच्या वाटाही पाहून ठेवाव्यात. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. एम. ए. करून नेट दिले तर प्राध्यापकीचे दार उघडते, जागा थोड्या असल्या तरी. बेळगावात १९१९ पासून ‘तरुण भारत’ निघतो, वृत्तपत्राची उमेदवारी गावातच करता येते. नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. अर्ज करण्यापूर्वी तिच्या अटी नीट वाचाव्यात. साहित्य अकादमी २०११ पासून पस्तीस वर्षांच्या आतल्या लेखकांना युवा पुरस्कार देते, त्यात मराठीही आहे. या पलीकडे मोठी आश्वासने कुणी देत असेल, तर फी भरण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःच्या संस्थांविषयी. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे तीनदा भरले, १९२९, १९४६ आणि २००० साली, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ च्या याच संमेलनात झाला. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा अशी गावे आपल्या हिमतीवर संमेलने भरवत आली आहेत. एवढी साहित्याची हौस असलेला टापू क्वचित सापडेल. पण आपल्या संमेलनाचा साचा ठरलेला आहे. ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन. नवी मुलगी व्यासपीठावर कविता वाचते, टाळ्या मिळतात, शाल मिळते आणि त्या कवितेत कुठली ओळ जास्तीची होती हे तिला कुणीच सांगत नाही. टाळ्यांनी उत्साह वाढतो, लेखन सुधारत नाही.

त्यासाठी पदवीची वाट पाहायची गरज नाही. महिन्यातला एक रविवार, वाचनालयातली किंवा शाळेतली एक खोली, आठ-दहा मुले आणि मराठीचे एखादे निवृत्त शिक्षक एवढ्यावर काम सुरू होते. आठवडाभर आधी लेखनाच्या प्रती वाटायच्या. खर्च झेरॉक्सचा आणि चहाचा. वाचणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही, आणि ऐकणाऱ्याने ‘छान आहे’ एवढे म्हणून थांबायचे नाही, हे दोन नियम पाळावेत. पहिल्या दोन बैठकींत कुणीतरी रुसणार, ते धरून चालावे. जुळली तर संमेलनाच्या कार्यक्रमात कविसंमेलनाआधी तासभर याच मुलांच्या खर्ड्यांसाठी मागून घेता येईल. ज्यांच्या घरी असे लिहिणारे मूल आहे, त्यांनी जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म भरतानाच मंडळाकडे नाव द्यावे. सहा नावे आली तरी पहिली बैठक ठेवता येईल.