उष्णतेतून थेट वीज : सूक्ष्म कणांचे रसायन

वीज म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चंद्रपूर, कोराडी येथील औष्णिक केंद्रे आणि त्यांची उंच धुराडी उभी राहतात. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने चक्र फिरते आणि चक्राने जनित्र. या खटाटोपात कोळशातील निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. मोटारीच्या इंजिनाचे तेच, वीटभट्टीचेही तेच. ही उष्णता वाफेवाचून, चक्रावाचून, काहीही न फिरवता सरळ विजेत बदलता आली तर? तसे करणारे पदार्थ आहेत. त्यांना तापविद्युत पदार्थ म्हणतात. औष्णिक वीज आणि तापविद्युत या दोन शब्दांत मुले हमखास गल्लत करतात, म्हणून हा भेद आधीच सांगून टाकला.

या विद्येची सुरुवात १८२१ साली बर्लिनमध्ये झाली. थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाने दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडून एक सांधा तापवला, तेव्हा जवळची चुंबकसूची हलली. उष्णतेने चुंबकत्व निर्माण झाले असे स्वतः सीबेकला वाटले. प्रत्यक्षात पट्ट्यांतून वीज वाहत होती. तापलेल्या टोकाकडील इलेक्ट्रॉन अधिक जोमाने हालतात, थंड टोकाकडे पसरतात आणि दोन टोकांत विद्युतदाब तयार होतो. धातूंमध्ये हा दाब अंशामागे व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाइतकाच असतो. भट्टीचे तापमान मोजण्यास तो पुरतो, दिवा लावण्यास नाही.

शंभराहून अधिक वर्षांनी अर्धवाहक पदार्थ हाती आले आणि चित्र पालटले. लेनिनग्राडमध्ये आयोफे यांनी या विषयाचा पाया घातला, आणि १९५० च्या दशकात सोव्हिएत खेड्यांत रॉकेलच्या दिव्याच्या उष्णतेवर रेडिओ वाजू लागले. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड यांनी बिस्मथ टेल्युराइड या संयुगाचे गुण दाखवले. आजही खोलीच्या तापमानाजवळ हेच संयुग सर्वाधिक वापरले जाते. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर याने सूर्यापासून इतकी दूर गेली की तेथे सौरपट्ट्या निरुपयोगी ठरतात. प्लुटोनियमची उष्णता आणि सिलिकॉन-जर्मेनियमचे तुकडे यांवर ती चाळीस वर्षांहून अधिक काळ बोलत राहिली आहेत.

मग ही वीज आपल्या घरात का नाही? खरी गाठ येथेच आहे. चांगल्या तापविद्युत पदार्थाने वीज सहज वाहू द्यावी, उष्णता मात्र अडवावी. उष्णता भरकन पलीकडे गेली तर दोन्ही टोके सारखीच तापतात आणि दाब नाहीसा होतो. तांब्यातून दोन्ही सुसाट जातात, काचेतून दोन्ही अडतात. आपल्याला विजेसाठी तांबे आणि उष्णतेसाठी काच असा पदार्थ हवा. या गुणांचा मेळ दाखवणारा एक आकडा शास्त्रज्ञ वापरतात, त्याला ‘झेडटी’ म्हणतात. कित्येक दशके तो १ च्या आसपास अडून राहिला. व्यवहारात याचा अर्थ असा की, शंभर वॅट उष्णता दिली तर पाच-सहा वॅट वीज हाती येणार.

१९९३ मध्ये अमेरिकेत हिक्स आणि मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांनी गणिताने दाखवले की, पदार्थ अतिसूक्ष्म आकाराचा केल्यास ही गाठ सुटू शकते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. अर्धवाहकात उष्णता मुख्यतः अणूंच्या कंपनलहरींनी जाते आणि यांतील बऱ्याच लहरी न अडखळता दूरवर धावतात. इलेक्ट्रॉनांची धाव बहुधा त्याहून आखूड असते. म्हणून काही दशक नॅनोमीटरचे कण एकमेकांना चिकटवून ठोकळा केला, तर कणांच्या सीमांवर लहरी विखुरतात, इलेक्ट्रॉनांना मात्र त्या मानाने कमी त्रास होतो.

असे कण करण्याची एक रीत दांडगाईची आहे. पोलादी गोळ्यांच्या फिरत्या डब्यात पदार्थ दळायचा आणि तापवून दाबायचा. २००८ मध्ये अमेरिकेत याच रीतीने बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडचा झेडटी सुमारे १०० अंश सेल्सिअसला १.४ पर्यंत नेला गेला. दुसरी रीत रसायनशास्त्राची. यात कण फोडायचे नसून अणूअणूने वाढवायचे असतात.

बिस्मथ क्लोराइड आणि सोडियम टेल्युराइट इथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवतात, त्यात कॉस्टिक सोडा आणि पीव्हीपी नावाचे बहुवारिक घालतात. हे द्रावण टेफ्लॉनचे अस्तर लावलेल्या पोलादी भांड्यात घट्ट बंद करून २०० अंशांच्या आसपास काही तास तापवतात. भांडे म्हणजे आपला कुकरच समजा, फक्त शिट्टी नसलेला. ग्लायकॉल हे येथे नुसते द्रावक नव्हे. तेच टेल्युराइटचे क्षपण करते. तयार होते ती करडी-काळी भुकटी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात षट्कोनी चकत्या दिसतात. षट्कोनीच का? या स्फटिकात टेल्युरियम-बिस्मथ-टेल्युरियम-बिस्मथ-टेल्युरियम असे पाच पदरी थर असतात. थरांमधले बंध दुबळे, थरातले बंकट. म्हणून चकती आडवी भराभर वाढते, जाडीत वाढत नाही. अल्कली, तापमान आणि पीव्हीपी यांचे प्रमाण बदलले की आकारही बदलतो. दळून ही हुकमत मिळत नाही.

मात्र वाचकहो, यात एक मेख आहे. जे पीव्हीपी कणांना एकमेकांस चिकटू देत नाही, तेच वीजरोधक असते. ते राहिले तर ठोकळ्यातून वीजही जात नाही. ते काढण्यासाठी काही जण हायड्रॅझीन वापरतात, जे विषारी आणि स्फोटक आहे. नंतर ग्रॅफाइटच्या साच्यात दाब देऊन, विजेचा झोत सोडून भुकटी काही मिनिटांतच घट्ट करतात. जास्त वेळ तापवली तर कण फुगतात आणि सगळी मेहनत पाण्यात. हवेशी संबंध आला की कणांवर ऑक्साइडची साय धरते, तीही घातक. टिन सेलेनाइडच्या एकसंध स्फटिकाचा झेडटी २०१४ मध्ये २.६ मिळाला, पण अनेक कणांच्या ठोकळ्यात तो कितीतरी कमी येई. कणांवरची टिन ऑक्साइडची साय काढून टाकल्यावर २०२१ मध्ये तो सुमारे ३.१ पर्यंत गेला. स्वच्छता म्हणजे केवढी गोष्ट, हे प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्याने यावरून ओळखावे.

भारतातही हे काम जोरात आहे. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क बिस्वास यांच्या गटाने सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये थोडे कॅडमियम मिसळून सुमारे ३०० अंश सेल्सिअसला २.६ झेडटी मिळवल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले.

हे आकडे वाचून उद्या घराघरांत चुलीवर वीज होईल असे कोणी समजू नये. एका नमुन्याचा आकडा आणि चालते यंत्र यांत सांधे, जोडण्या, वारंवार तापण्या-निवण्याने पडणारे तडे असे बरेच काही येते. शिवाय टेल्युरियम पृथ्वीच्या कवचात फारच दुर्मिळ, आणि शिसे विषारी. म्हणून कित्येक गट आता स्वस्त गंधकाच्या संयुगांकडे वळले आहेत. टेट्राहेड्राइट हे तांबे, अँटिमनी आणि गंधक यांचे खनिज तर निसर्गातच सापडते. थोडा फेरफार करून त्याचा झेडटी १ च्या जवळ नेता येतो, हे २०१३ मध्ये दाखवून झाले आहे.