कांजिण्या, त्यांची लस आणि शिक्षकाचे काम

माघ सरून थंडी ओसरू लागली की शाळेच्या हजेरीपटावर कांजिण्यांची चाहूल लागते. प्रथम एका मुलाच्या नावापुढे चार-पाच दिवस गैरहजेरीची खूण पडते. पुढे दोन आठवडे सर्व ठीक असल्यासारखे वाटते. आणि मग त्याच वर्गातील पाच-सहा मुले एकाच सुमारास अंथरूण धरतात. हे दिवस परीक्षांच्या तयारीचे असतात. मुलाचे नुकसान होऊ नये म्हणून एखादी आई अंगावर पुळ्या असतानाच त्यास शाळेत आणून सोडते आणि म्हणते, "गुरुजी, एवढा पेपर लिहू द्या. कांजिण्याच तर आहेत!"

"कांजिण्याच तर आहेत" या समजुतीत थोडे तथ्य आहे आणि बराच धोका आहे. तथ्य कोणते व धोका कोणता, या रोगावर लस कोणती आहे, ती कोणी घ्यावी आणि या कामी शिक्षकाने काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

रोगाचे स्वरूप

कांजिण्या हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. रोग्याच्या खोकण्या-शिंकण्यातून व पुळ्यांतील पाण्यातून तो दुसऱ्यास लागतो. घरात एकास कांजिण्या झाल्या असता, ज्यांना पूर्वी त्या झालेल्या नाहीत व ज्यांनी लसही घेतलेली नाही, अशा दहा माणसांपैकी नऊ जणांपर्यंत त्यांची लागण होऊ शकते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १० ते २१ दिवस लागतात. हजेरीपटावर दोन आठवड्यांची जी शांतता दिसते, तिचे कारण हेच.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की अंगावर पुरळ उठण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीपासूनच मूल रोग पसरवू लागते, आणि सर्व पुळ्यांवर खपली धरेपर्यंत पसरवीत राहते. खपली धरण्यास पुरळ उठल्यापासून बहुधा पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे पुरळ दिसताच मुलास घरी पाठविले तरी काही प्रसार आधीच झालेला असतो. मुलास घरी ठेवण्याने साथ आटोक्यात राहते. पण ती मुळात थोपविण्याचे खरे साधन लस हेच होय.

देवी, गोवर आणि कांजिण्या

आपल्या खेड्यांतून अद्यापही कांजिण्यांना 'देवी आल्या' असे म्हणणारी वडीलधारी माणसे भेटतात. रायगड जिल्ह्यातील चौल येथील शीतळादेवीच्या दर्शनास भाविक श्रद्धेने जातात. या श्रद्धेचा उपहास शिक्षकाने करू नये. परंतु देवीचा रोग व कांजिण्या हे दोन निराळे रोग आहेत, हे मात्र अवश्य समजावून द्यावे. देवीच्या पुळ्या खोल असत, हातापायांवर व चेहऱ्यावर अधिक येत आणि शरीराच्या एका भागावरील सर्व पुळ्या एकाच अवस्थेत असत. कांजिण्यांच्या पुळ्या उथळ असतात, छाती, पोट व पाठ यांवर दाट येतात, आणि तीन-चार दिवस नवनव्या उठत राहतात. त्यामुळे एकाच जागी लाल ठिपके, पाण्याने भरलेल्या पुळ्या व खपल्या एकत्र दिसतात.

गोवर हाही निराळा रोग. त्यात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, नाक वाहणे व डोळे लाल होणे ही लक्षणे असतात. नंतर चेहऱ्यापासून व कानामागून लाल पुरळ उतरत येते, पण त्यात पाणी भरत नाही. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली होती व तीत बालके दगावली होती. म्हणून पुरळ व ताप असलेले मूल दिसताच 'गोवर-कांजिण्या' असे एका शब्दात उरकून न टाकता आरोग्यसेविकेस कळवावे.

देवीच्या रोगाचा जो इतिहास आहे, त्यात मुंबईस मानाचे स्थान आहे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली इंग्लंडात देवीच्या लशीचा प्रयोग केला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी झालेले हे पहिले लसीकरण होय. देवीचा भारतातील शेवटचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. ज्यांच्या दंडावर देवी काढल्याचा व्रण आहे, अशा आजी-आजोबांचा कधी कधी समज असतो की आपणांस कांजिण्या होणार नाहीत. हा समज चुकीचा आहे. देवीची लस देवीपुरती आणि गोवराची लस गोवरापुरती. कांजिण्यांसाठी स्वतंत्र लस घ्यावी लागते.

धोका कोणास?

धडधाकट लहान मुलास कांजिण्या बहुधा सौम्य येतात व आठ-दहा दिवसांत ते खेळू लागते. "कांजिण्याच तर आहेत" या म्हणण्यातील तथ्य ते एवढेच. तथापि खाजवून पुळ्यांत पू होणे, फुप्फुसास सूज येणे व क्वचित मेंदूस सूज येणे, हे प्रकार मुलांतही घडतात. अमेरिकेत १९९५ साली ही लस सुरू झाली. तत्पूर्वी तेथे दरसाल सुमारे ४० लाख लोकांस कांजिण्या होत, १० हजारांहून अधिक रोग्यांस रुग्णालयात ठेवावे लागे व १०० ते १५० माणसे मरण पावत.

वय वाढते तसा हा रोग कठीण होत जातो. प्रौढांत ताप जास्त, पुळ्या जास्त आणि फुप्फुसाच्या दाहाचा संभवही जास्त. गरोदर स्त्रीस तो विशेष घातक ठरू शकतो. बाळंतपणाच्या आगेमागे मातेस कांजिण्या झाल्यास नवजात बालकाच्या जिवावर बेतते. कर्करोगावर उपचार घेणारे व इतर कारणांनी प्रतिकारशक्ती खालावलेले रोगी यांचीही गणना यातच करावी.

शिवाय, रोग बरा झाला तरी विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो व उतारवयात नागीण या रूपाने पुन्हा प्रकट होऊ शकतो. नागिणीच्या फोडांतील पाण्यापासून, पूर्वी कांजिण्या न झालेल्या मुलास कांजिण्या होतात. घरी आजोबांस नागीण झाली आणि पुढे नातवास कांजिण्या आल्या, याचा उलगडा असा होतो.

उष्ण प्रदेशांत एक गोष्ट विशेष आढळते. थंड देशांत बहुतेकांस हा रोग बालपणीच होऊन जातो. आपल्यासारख्या उष्ण देशांत पुष्कळ माणसे कांजिण्या न होताच मोठी होतात. नवी मुंबईच्या परिसरात या गोष्टीस निराळेच महत्त्व येते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील भातशेती व मिठागरांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहिले. बेलापूर, पनवेल, उरण या बाजूंच्या आगरी-कोळी गावांभोवती वसाहती आल्या, बंदर आले, बांधकामे आली. आज या भागातील शाळेत स्थानिक घरातील मुलाशेजारी दूरच्या जिल्ह्यांतून वा परप्रांतांतून आलेल्या मजुराचे मूल बसते. त्याचा बाप, काका व त्यांचे सोबती एकाच खोलीत दाटीने राहतात. मुलाने शाळेतून नेलेल्या कांजिण्या त्या खोलीतील पंचविशीच्या तरुणास झाल्या, तर दोन-तीन आठवड्यांची मजुरी बुडते आणि प्रसंगी रुग्णालय गाठावे लागते.

लस कशी निर्माण झाली?

या लशीचे जनक जपानमधील ओसाका विद्यापीठाचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी. १९६४ साली ते अभ्यासासाठी अमेरिकेत असता त्यांच्या तीन वर्षांच्या मुलास कांजिण्या झाल्या व त्याची प्रकृती चिंताजनक झाली. मूल वाचले, परंतु पित्याने मायदेशी परतल्यावर या रोगावरील लशीचाच ध्यास घेतला. ओका आडनावाच्या एका बालकाच्या पुळीतून घेतलेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत माणसाच्या व गिनीपिगच्या पेशींवर वारंवार वाढवून दुर्बल केला. १९७४ साली त्यांनी या लशीविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगात वापरात असलेल्या बहुतेक कांजिण्यांच्या लशी याच 'ओका' वाणापासून बनविलेल्या आहेत.

लशीतील विषाणू जिवंत पण निस्तेज असतो. शरीर त्यास ओळखून प्रतिकाराची तयारी करते. एका मात्रेने गंभीर रोगापासून उत्तम संरक्षण मिळते. दोन मात्रांनी दहापैकी नऊ जणांस कोणत्याही प्रकारच्या कांजिण्यांपासून संरक्षण लाभते. लस घेऊनही एखाद्यास रोग झालाच, तर पुळ्या बहुधा पन्नासांहून कमी येतात. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर त्या अडीचशे ते पाचशेपर्यंत येतात.

लस कोणी, केव्हा घ्यावी?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पहिली मात्रा मूल १५ महिन्यांचे झाल्यावर व दुसरी १८ ते १९ महिन्यांच्या सुमारास द्यावी. हे वय उलटून गेले तरी संधी गेली असे मानू नये. १३ वर्षांच्या आतील मुलांस दोन मात्रांत किमान तीन महिन्यांचे, आणि १३ वर्षांच्या पुढील सर्वांस किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवून लस देता येते. पूर्वी कांजिण्या निश्चितपणे होऊन गेल्या असतील, तर तिची गरज नाही. रोग्याशी संपर्क आल्यानंतरही तीन, फार तर पाच दिवसांच्या आत लस घेतल्यास रोग टळण्याचा किंवा सौम्य होण्याचा संभव असतो.

गरोदर स्त्रीने ही लस घेऊ नये. आणि लस घेतल्यावर निदान एक महिना गर्भधारणा टाळावी. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रोग्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये. लस घेतल्यावर दंड दुखणे, थोडा ताप येणे किंवा दोन-चार पुळ्या उठणे हे प्रकार घडतात. त्यांस भिण्याचे कारण नाही.

आता पालकांच्या मनातील मुख्य प्रश्न: ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते काय? याचे उत्तर शिक्षकाने सरळ द्यावे. गोवर-रुबेलाची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आहे व ती ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांच्या वयात विनामूल्य मिळते. कांजिण्यांची लस त्या कार्यक्रमात नाही. ती खाजगी डॉक्टरांकडे विकत घ्यावी लागते आणि तिची किंमत गरीब कुटुंबास जड जाते. जागतिक आरोग्य संघटनेचे असे सांगणे आहे, की एखाद्या देशाने ही लस सर्व बालकांस द्यावयाची, तर निदान शेकडा ८० बालकांपर्यंत ती सातत्याने पोचली पाहिजे. अर्धवट लसीकरणाने लहानपणचा रोग मोठ्या वयावर ढकलला जाण्याचे भय असते, व मोठेपणी तो अधिक कठीण असतो हे वर सांगितलेच आहे.

म्हणून ज्या पालकास ऐपत नाही, त्यास शिक्षकाने अपराधी वाटू देऊ नये. ज्यास ऐपत आहे, त्यास मात्र लशीची माहिती जरूर द्यावी. घरात सर्वांसाठी पैसा पुरत नसेल, तर कांजिण्या न झालेल्या व लवकरच संसारास लागणाऱ्या मुलीचा, आणि ज्या घरात कर्करोगादी आजाराचा रोगी आहे तेथील निरोगी माणसांचा विचार डॉक्टरांशी बोलून आधी करावा. शिक्षकाने स्वतःचाही विचार करावा. आपणांस कांजिण्या होऊन गेल्या की नाही, हे घरच्या वडील माणसांस आजच विचारून ठेवावे.

शाळेत काय करावे?

१. पुरळ दिसलेल्या मुलास वेगळे बसवून पालकांस बोलवावे. सर्व पुळ्यांवर खपली धरेपर्यंत त्यास घरी ठेवण्यास सांगावे. खपल्या गळून पडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

२. वर्गातील इतर पालकांस त्याच दिवशी कळवावे, म्हणजे ज्यांस लस घ्यावयाची आहे त्यांचे तीन दिवस फुकट जाणार नाहीत. मुलाचे नाव सांगण्याचे कारण नाही.

३. शाळेत कोणी शिक्षिका गरोदर असून पूर्वी कांजिण्या झाल्याची खात्री नसेल, तर तिने विनाविलंब डॉक्टरांस भेटावे.

४. आजारी मुलाची नखे कापावीत, त्यास रोज स्नान घालावे व पोटभर अन्न द्यावे. पाण्यात कडुनिंबाचा पाला घालण्यास हरकत नाही. मात्र पाल्याने अंग घासू नये. ॲस्पिरिन कदापि देऊ नये. कांजिण्यांत त्यामुळे मेंदू व यकृत यांस घातक विकार होऊ शकतो. धाप लागणे, सतत उलट्या, गुंगी, तोल जाणे किंवा पुळ्यांभोवती लाल सूज दिसल्यास दवाखाना गाठावा.

शेवटी, दारात उभ्या असलेल्या त्या आईकडे वळू. तिला नुसते "घरी न्या" म्हणून भागणार नाही. तिची चिंता पेपरची आहे. तेव्हा पेपरची व्यवस्था काय होईल, हे तिला आधी सांगितले पाहिजे. शाळेची चाचणी मागाहून घेता येते, बुडालेला अभ्यास भरून काढता येतो, आणि या गैरहजेरीबद्दल मुलास बोल लागणार नाही, असे आश्वासन शिक्षक देऊ शकतो. शिष्यवृत्तीसारखी बाहेरची परीक्षा असेल, तर मुख्याध्यापकांमार्फत केंद्राशी आधीच बोलून काय करता येईल ते पाहावे. एवढा दिलासा मिळाला की आई मुलास आनंदाने परत नेते. त्याच वर्गात शेवटच्या बाकावर ज्याची आई गरोदर आहे असे एखादे मूल बसलेले असते. त्या घरावरचे संकट टळले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिक्षकाच्या पुष्कळशा कामाचे असेच असते.