दाबोळीची दोन सुपर कॉन्स्टेलेशन

वास्कोहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. बरेचजण फोटो काढतात नि समुद्रावर निघून जातात. मी मात्र दर खेपेला चार इंजिनांच्या, तीन शेपटांच्या सुपर कॉन्स्टेलेशनपाशी रेंगाळतो. या जातीच्या विमानाशी दाबोळीचं नातं संग्रहालयापेक्षा जुनं आहे.

भारताने गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा १९५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ उभारला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरांनी तिथल्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्याच रात्री एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४ उरलेल्या तोकड्या धावपट्टीवरून अंधारात उडाली. अधिकाऱ्यांची कुटुंबं घेऊन ती कराचीला पोचली.

१९६४ मध्ये नौदलाचा 'हंसा' तळ इथं आला. आज संग्रहालयात असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन मूळचं एअर इंडियाचं. ते पुढे हवाई दलाकडे आणि १९७६ मध्ये समुद्रावरच्या टेहळणीसाठी नौदलाकडे आलं. म्हणजे एक इथून पळालं, तर त्याच जातीचं दुसरं इथं कायमचं राहिलं!

ऑक्टोबर १९९८ मध्ये संग्रहालय सुरू झालं. त्याचा खजिना म्हणजे नौदलाने सेवेतून काढलेली विमानं: पाण्यावर उतरणारं सीलँड, 'विक्रांत'वरची सी हॉक आणि अलिझे, टेहळणीची हेलिकॉप्टरं. उभं उतरणारं सी हॅरियरही आहे. ती जात २०१६ मध्ये निवृत्त झाली. एकेक जात निवृत्त होते, तसतसा नौदलाचा इतिहास इथं जमत जातो.

पण मोठी विमानं उघड्यावर आहेत. चार महिने पाऊस, बाराही महिने खारा वारा. ॲल्युमिनियमला तो खातोच. रंग काढून पुन्हा लावत राहावं लागतं, ते काम कधी संपत नाही.

पत्रा निदान रंगवता येतो, आठवणींचं काय? चिखली, दाबोळी, वास्को इथं त्या रात्रीचा आवाज ऐकलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात कुणी असेल तर त्यांना एकदा त्या विमानापाशी न्या. ते काय बोलतात, तेवढं लिहून ठेवा. फलकावर ते सापडायचं नाही.